मजुरी मोजली, गिट्टी कोण मोजणार?

गोंदिया जिल्ह्यातले चोरखमारा हे नाव बाहेरच्यांना दोन कारणांनी माहीत असते. एक म्हणजे नागझिरा अभयारण्याचे इथले प्रवेशद्वार आणि दुसरे इथला जलाशय. पर्यटकांच्या गाड्या येतात, वाघ दिसला की नाही याची चर्चा होते आणि गाड्या परत जातात. तिरोडा तालुक्याच्या या जंगलालगतच्या पट्ट्यात राहणाऱ्यांचा संसार मात्र दुसऱ्याच एका गिऱ्हाइकावर चालतो. ते गिऱ्हाईक म्हणजे सरकार.

हे चटकन पटत नाही, म्हणून हिशेब मांडते. खरिपाचा धान कोण घेते? आधारभूत खरेदी केंद्र. उन्हाळ्यात तलावाच्या पाळीवर माती टाकायचे काम कोण देते? रोजगार हमी. शाळेतल्या खिचडीची डाळ, अंगणवाडीचा पोषण आहार, गल्लीतल्या सिमेंट रस्त्याची गिट्टी, नळयोजनेचे पाइप, खांबावरचे दिवे हे सगळे सरकारी पैशातूनच विकत घेतलेले असते. कधी गाव विकणारे असते, कधी गावासाठी विकत घेतले जाते. दोन्ही वेळा पैशाची थैली एकच.

मी याच तालुक्यात ग्रामसेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. अंदाजपत्रक, दरपत्रके, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक या कागदांत माझी उमर गेली. त्यातून एक मत पक्के झाले. गरिबी हटवण्याच्या योजना गावात येतात त्या बहुतेक खरेदीच्या रूपानेच. त्या खरेदीत गावकरी नुसते लाभार्थी म्हणून बसून राहिले, तर पैसा गावावरून वाहून जातो आणि गरिबी जागच्या जागी राहते. गाव मोजायला उभे राहिले, तर त्याच पैशाचे चीज होते.

तीन प्रश्न

कोणतीही सरकारी खरेदी तीन प्रश्नांवर उभी असते. काय घ्यायचे? कोणाकडून घ्यायचे? आणि आलेला माल ठरल्याप्रमाणे आहे का?

पहिला प्रश्न ग्रामसभेचा. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ पासून ग्रामपंचायतींना मिळू लागला, तेव्हा ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावाचा आराखडा गावानेच करायची पद्धत महाराष्ट्रात आली. त्याच वर्षी व्याघ्र प्रकल्पांभोवतीच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना सुरू झाली. गॅस जोडणी हवी की पिकाला कुंपण, हे त्यात गावाच्या समितीने आराखड्यात मांडायचे असते. सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन वाघाच्या जंगलातून परतणाऱ्या बाईला विचारले, तर आधी काय घ्यायचे हे ती क्षणात सांगेल.

दुसरा प्रश्न पुरवठादाराचा. लहान खरेदी दरपत्रके मागवून होते, मोठी ई-निविदेने.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. अभियंता मोजमाप पुस्तिकेत आकडे लिहितो, मालाची नोंद साठा नोंदवहीत होते, मग देयक निघते. पहिल्या प्रश्नावर ग्रामसभेत भांडणे होतात, दुसऱ्यावर पानठेल्यावर कुजबुज होते. तिसऱ्या प्रश्नाच्या वेळी मात्र तिथे बहुधा कुणीच नसते. माझ्या अनुभवात गावाचे सर्वांत मोठे नुकसान याच जागी होते.

काट्यावरचा धान

धानापासून सुरुवात करू, कारण आमच्या जिल्ह्यात ही सर्वांत मोठी सरकारी खरेदी आहे. महाराष्ट्रात केंद्र सरकारच्या हमीभावाने धान घेण्याचे काम दोन संस्था करतात. राज्य सहकारी पणन महासंघ, ज्याला आम्ही मार्केटिंग फेडरेशन म्हणतो, आणि आदिवासी भागात आदिवासी विकास महामंडळ. गावपातळीवर प्रत्यक्ष माप घेतात त्या सहकारी संस्था. घेतलेला धान भरडाईला गिरणीत जातो. एक क्विंटल धानाचे ६७ किलो तांदूळ शासनाला परत मिळावे, असे प्रमाण ठरलेले आहे. तो तांदूळ रेशन दुकानात जातो. म्हणजे आमच्या बांधीतला धान फिरून आमच्याच ताटात येऊ शकतो.

२०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये ठरला. ओलावा १७ टक्क्यांपेक्षा जास्त नको, ही अट. हा भाव दोन-तीन एकरवाल्याच्या हातात पूर्ण पडला, तर त्याचे वर्ष निघते. पण केंद्र उघडायला उशीर, बारदान्याची टंचाई आणि रखडलेले चुकारे या तीन गोष्टी एकत्र आल्या, की तोच शेतकरी दिवाळीच्या खर्चासाठी खासगी व्यापाऱ्याला कमी भावात धान देऊन मोकळा होतो. हमीभाव कागदावर राहतो.

आणि मग काटा. आमच्याकडे धान ४० किलोच्या कट्ट्यात भरतात. आमच्या घरचा धान ज्या केंद्रावर जायचा, तिथे एका हंगामात कट्ट्यामागे किलोभर धान जास्त घेत होते. कारण विचारले तर ‘वाळला की कमी होतो’ हे उत्तर. किलोभर म्हणजे काय मोठेसे, असे ओळीत उभ्या प्रत्येकाला वाटत होते. मी तिथेच कागदावर गणित केले. ५० कट्टे म्हणजे २० क्विंटल. किलोप्रमाणे ५० किलो धान फुकट गेला. २०२५-२६ च्या हमीभावाने त्याचे ११८४ रुपये होतात. एका लहान शेतकऱ्याचे एवढे, तर सगळ्या ओळीचे किती? गणित मोठ्याने वाचून दाखवले तसे चार जण पुढे आले. बारदान्याचे वजन वेगळे करा, काट्यावरचा वैधमापनाचा शिक्का दाखवा, एवढीच मागणी केली. त्या दिवशीचे माप चोख झाले.

ही सहकारी संस्था सभासदांची असते, तिचे संचालक सभासदच निवडतात. तरीही केंद्रावर आपण उपकार मागायला आल्यासारखे उभे राहतो. रोज किती धान घेतला, कोणाचा घेतला, किती कट्टे शिल्लक आहेत, याचा फलक केंद्राच्या दारात लागला पाहिजे. दुसऱ्याच्या नावावर व्यापाऱ्याचा धान खपवण्याला त्यानेच आळा बसतो, कारण कोणाच्या बांधीत किती पिकते हे गावाला तोंडपाठ असते.

घमेले जिच्या डोक्यावर

आता दुसरी बाजू पाहू, गावासाठी घेतलेल्या मालाची. रोजगार हमीचा पाया महाराष्ट्राने घातला. १९७२ च्या दुष्काळात काम वाढले, १९७७ मध्ये कायदा झाला. देशाचा कायदा २००५ मध्ये आला आणि २ फेब्रुवारी २००६ रोजी तो पहिल्यांदा ज्या २०० जिल्ह्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्राचे १२ होते. गोंदिया त्यांपैकी एक. त्या कायद्यात कंत्राटदाराला बंदी होती, खर्चाचे किमान ६० टक्के मजुरीवर आणि फार तर ४० टक्के साहित्यावर अशी मर्यादा होती, आणि कलम १७ ने ग्रामसभेला सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार दिला होता. योजनेचे नाव पुढे काहीही असो, ही तीन तत्त्वे सोडण्यासारखी नाहीत.

या कामांवर मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मजुरीचा घोळ गाव सहन करत नाही. हजेरीपटावर एक दिवस कमी लागला, तर बाई संध्याकाळी दारात येऊन उभी राहते. जो कामावर नव्हता त्याचे नाव लागले, तरी ओरड होते. पण सिमेंटची किती पोती आली, रेती किती ब्रास, गिट्टी कोणत्या मापाची, हे विचारायला एकही जण येत नाही. मजुरी ज्याची त्याची असते. साहित्य सगळ्यांचे, म्हणून ते कुणाचेच राहत नाही.

हेच इंडोनेशियात मोजून सिद्ध झाले आहे. जावा बेटावर २००३-०४ मध्ये सहाशेहून अधिक गावांत सरकारी पैशातून रस्ते बांधले जात होते. अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी ती संधी साधली. काही गावांना आधीच सांगितले की तुमच्या कामाची सरकारी तपासणी नक्की होणार. काही गावांत गावभर निमंत्रणे वाटून लोकांना हिशेबाच्या बैठकीला बोलावले. मग अभियंत्यांनी तयार रस्ते खणून नमुने काढले, त्यात खरोखर किती दगड-रेती आहे हे पाहिले आणि कागदावरच्या खर्चाशी ताडले. तपासणीची खात्री असलेल्या गावांत गहाळ होणारा खर्च ८ टक्केबिंदूंनी घटला. निमंत्रणे वाटलेल्या गावांत मजुरीतली चोरी कमी झाली, पण साहित्यातली झाली नाही.

हा निष्कर्ष लोकसहभागाच्या बाजूने बोलणाऱ्या आम्हा मंडळींना टोचणारा आहे आणि म्हणूनच तो नीट समजून घेतला पाहिजे. नुसती सभा भरवून चोरी थांबत नाही. सरकारी तपासणी हवीच, तिला पर्याय नाही. आणि गावाने तिला जोड द्यायची असेल, तर साहित्य मोजायला शिकले पाहिजे.

ते अवघड आहे का? मुळीच नाही. एका गल्लीतल्या काँक्रीटच्या कामावर मी दुपारभर उभी होते. अंदाजपत्रकात प्रमाण होते एकास दोन, चार. म्हणजे एक भाग सिमेंट, दोन भाग रेती, चार भाग गिट्टी. ५० किलोच्या पोत्यात साधारण ३५ लिटर सिमेंट असते. म्हणजे एका पोत्याला ७० लिटर रेती आणि १४० लिटर गिट्टी. कामावरच्या बायांना मी विचारले, तुमच्या घमेल्यात किती मावते? त्यांनी पाण्याच्या बादलीने घमेले मोजून पाहिले. मग एका पोत्यामागे रेतीची किती घमेली पडली पाहिजेत, हे त्यांनीच ठरवले आणि मोजायला लागल्या. अर्ध्या तासात एक मावशी म्हणाली, “बाई, रेती तं लय होऊन रायली, पोतं तेवढंच हाय.” तिला मोजमाप पुस्तिका वाचता येत नव्हती. पण माल तिच्याच डोक्यावरून जात होता. मिस्त्रीला ते मान्य करावे लागले आणि पुढचा माल प्रमाणात पडला.

गावातले सर्वांत चांगले तपासनीस हेच आहेत: घमेले वाहणाऱ्या बाया, वीस वर्षे घरे बांधलेला गवंडी, सळई कापणारा पोरगा. आपल्या समित्यांत मात्र नावे असतात ती ज्यांनी कधी घमेले उचलले नाही त्यांची.

कोणाकडून घ्यायचे?

दुसऱ्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण गावाची कमाई तिथे अडकलेली आहे. अंगणवाडीच्या आहाराचे उदाहरण घ्या. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की अंगणवाडीच्या पोषण आहारासाठी कंत्राटदार नकोत. धान्य घेणे आणि आहार शिजवणे ही कामे शक्यतो गावसमाज, बचत गट आणि महिला मंडळांकडून करून घ्यावीत. विचार सरळ होता. कुपोषित मुलाला आहार मिळेल आणि त्याच पैशातून त्याच्या आईला रोजगार मिळेल. एका रुपयात दोन कामे.

महाराष्ट्रात ते सुखासुखी घडले नाही. महिला मंडळाच्या नावामागे मोठे पुरवठादार उभे असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या आयुक्तांनी २०१२ मध्ये अहवालात मांडले. पुढे २०१६ च्या निविदेत अटीच अशा आल्या की गावातला बचत गट दारातच अडावा. वैष्णोराणी महिला बचत गट हा गट त्याविरुद्ध न्यायालयात गेला. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, मोठ्या उत्पादकांना झुकते माप देणाऱ्या त्या अटी टिकल्या नाहीत आणि नव्याने निविदा काढण्याचे आदेश झाले. एका बचत गटाच्या नावाने देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ओळखला जातो, ही प्रत्येक गटाच्या बैठकीत सांगण्यासारखी गोष्ट आहे.

ब्राझीलने हाच विचार कायद्यात बसवला. २००९ च्या कायद्याने तिथल्या शालेय आहारासाठी केंद्राकडून मिळणाऱ्या निधीपैकी किमान ३० टक्के रकमेचा माल लहान शेतकरी कुटुंबांकडून घेणे बंधनकारक झाले. आपल्याकडेही केंद्राच्या खात्यांना वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी लागते, त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी राखलेले आहेत. तत्त्व आपण मान्य केलेले आहे. तालुक्याच्या पातळीवर ते उतरलेले नाही.

आमच्या शाळांत बचत गटाच्या बाया खिचडी शिजवतात, पण डाळ, तेल, मसाला दूरच्या पुरवठादाराकडून येतो. तूर आमच्या धुऱ्यावर पिकते, डाळ करणाऱ्या बाया गावात आहेत, आणि शाळेची डाळ ट्रकमधून उतरते. जवळून घेता येईल ते जवळून घ्यावे, ही मागणी कुणाला दान मागणारी नाही. भाव आणि दर्जा पाळूनच ती पुरी करता येते.

इथे गटांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सरकारला माल विकायचा तर नोंदणी लागते, वजन लागते, वेळ पाळावी लागते. आणि सरकारनेही पाळायची एक गोष्ट आहे: वेळेवर पैसे. मोठा पुरवठादार देयकासाठी सहा महिने थांबू शकतो. दहा बायांचा गट दोन महिनेसुद्धा थांबू शकत नाही. बायांनी दागिने मोडून माल भरायचा आणि देयक टेबलावर पडून राहायचे, असे होत असेल तर त्या राखीव टक्केवारीला अर्थ नाही. लहान पुरवठादाराचे देयक महिन्याच्या आत, हा नियम गरिबी निर्मूलनाच्या कोणत्याही नव्या योजनेपेक्षा जास्त काम करील.

कागद मागण्याचा अधिकार

हिशेब उघडा झाला की काय होते, याचे दाखले जगात आहेत. युगांडात १९९१ ते १९९५ या काळात शाळांसाठी निघालेल्या अनुदानापैकी सरासरी १३ टक्केच शाळेपर्यंत पोहोचत असल्याचे एका पाहणीत दिसले. सरकारने मग अनुदानाचे आकडे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली. २००१ पर्यंत हेच प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेले. आपल्याकडे राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात जनसुनावणी घेतली. हजेरीपट आणि देयके लोकांसमोर मोठ्याने वाचली गेली. जी बांधकामे कागदावर होती ती जमिनीवर नाहीत, हे ज्यांच्या गावात ती ‘झाली’ होती त्यांनीच सांगितले. त्या चळवळीतून माहिती अधिकाराची मागणी देशभर पोहोचली आणि २००५ मध्ये कायदा झाला.

या कायद्यातले एक कलम फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. कलम २ (ञ) म्हणजे माहितीच्या अधिकाराची व्याख्या. त्यात कागदाची प्रत मागण्याबरोबरच कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार आहे. म्हणजे जावा बेटावर अभियंत्यांनी रस्ता खणून जे केले, ते आपल्या गल्लीतल्या रस्त्याबाबत मागण्याचा हक्क चोरखमाऱ्याच्या शेतमजुरालाही आहे. अर्जाचे शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस.

शाळेच्या मालासाठी वेगळी समितीही काढावी लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या आहेत. डाळीचे पोते काट्यावर ठेवल्याशिवाय सही करायची नाही, एवढा ठराव त्या समितीने केला तरी पुरे.

एक धोकाही सांगते. गावाची समिती म्हटली की ती गावातल्या दोन-चार घरांची होऊ शकते. मग बाहेरच्या ठेकेदाराच्या जागी घरचा ठेकेदार येतो. त्याला उपाय एकच. समितीत कामावरचे मजूर आणि बाया असाव्यात, आणि समितीने मोजलेले आकडे फलकावर लिहावेत, म्हणजे समितीलाही गाव मोजू शकेल.

माझ्या जुन्या सहकारी ग्रामसेवकांना, सरपंचांना माझे सांगणे आहे की मोजणाऱ्या गावाला भिऊ नका. प्रामाणिक माणसाला त्याच्याइतके दुसरे संरक्षण नाही. खोट्या देयकावर सही करण्याचा दबाव आला, की ‘गावाने मोजले आहे, माझ्या हातात नाही’ असे तुम्ही सांगू शकता.

आणि गावकऱ्यांना विनंती आहे. येत्या ग्रामसभेला रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्या गावात चालू असलेले एकच काम निवडा. त्याचे अंदाजपत्रक, साठा नोंदवही आणि मोजमाप पुस्तिका, हे तीन कागद मागा आणि सभेत मोठ्याने वाचायला लावा. मग एक गवंडी, दोन कामावरच्या बाया आणि एक मोजपट्टी घेऊन त्या कामावर जा.

मजुरी तुम्ही मोजतच आला आहात. आता गिट्टीही मोजा.